‘मोटर जळली’ म्हणण्याची घाई

पाण्याची मोटर नुसती घुमू लागली, फिरेना झाली, की ‘जळली’ असा निकाल लागतो आणि ती थेट रिवाइंडिंगला जाते. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. सिंगल फेजच्या एका वाइंडिंगचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होते, फिरत नाही. त्यामुळे थांबलेल्या रोटरला पहिला जोर मिळत नाही. तो देण्यासाठी स्टार्टिंग वाइंडिंग आणि कपॅसिटर असतो. काही मोटरींत साधारण ७५ टक्के वेग आल्यावर सेंट्रिफ्युगल स्विच ही जोडी तोडतो. मोटर घुमते याचा अर्थ मुख्य वाइंडिंगमधून वीज वाहते आहे. मग पहिला संशय महागड्या तांब्यावर कशासाठी? तो स्वस्त कपॅसिटरवर आणि स्विचच्या काजळलेल्या पॉइंटवर घ्यायला हवा.

‘कपॅसिटर बदलला तरी पुन्हा तेच होते,’ असे मेकॅनिक म्हणतात. ते खोटे नाही. जाम झालेला इम्पेलर, झिजलेले बेअरिंग किंवा कमी व्होल्टेज यांनीही मोटर घुमते; चिकटलेला स्विच तर नवा कपॅसिटरही घालवतो. पण यातून तपासणीची गरजच सिद्ध होते, रिवाइंडिंगची नव्हे. वीज तोडून शाफ्ट हाताने फिरवणे, कपॅसिटर मोजणे, स्टार्टिंग वाइंडिंगचा रोध पाहणे याला कितीसा वेळ लागतो? वाइंडिंग खरेच करपले असेल तर रिवाइंडिंगला पर्याय नाही. मात्र ही तपासणी घरच्या घरी करू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतो. रिवाइंडिंगला होकार देण्याआधी मेकॅनिककडून मोजलेला मायक्रोफॅरडचा आकडा मागा आणि कपॅसिटरवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा.