रस्त्याची रुंदी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्यास बदनापूर म्हणजे नाइलाजाने वेग कमी करण्याची एक जागा. येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीच्या वाणांना 'बीडीएन' ही अक्षरे दिली. त्या गावाची वाहनचालकाच्या लेखी एवढीच ओळख उरावी, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

वाहनचालक रस्ता लांबीने वापरतो, गावकरी रुंदीने. एसटीतून उतरलेल्या म्हातारीला जालना गाठायचे नसते, समोरची बाजू गाठायची असते. रस्ता चौपदरी झाला तेव्हा लांबीचा प्रवास सुखाचा झाला आणि रुंदीचा दुप्पट धोक्याचा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९८-अ सदोष आराखड्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांवर टाकते, जरी दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपयेच आहे (माणसाच्या जिवाचा हा भाव कोणी ठरवला, देव जाणे). मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो, असे म्हटले. पुणे महानगरपालिकेने तर २०१६ सालीच पादचारी धोरण स्वीकारले. महामार्गावरच्या छोट्या गावात मात्र डांबर एका खात्याचे, कडेची गटारे नगरपंचायतीची, आणि पायी चालणारा कोणाचाच नाही. दुभाजक कोठे तोडावा यासाठी पंपवाले आणि मंगल कार्यालयवाले खेटे घालू शकतात. म्हातारीची संघटना नसते. पदपथाचा विषय निघालाच तर पहिला हातोडा भाजीच्या गाड्यावर पडतो, उभ्या मोटारींना कोणी हात लावत नाही.

वास्तविक भरधाव जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा सुरू झाला. तेथे पादचाऱ्यास मज्जाव आहे. मग जुन्या रस्त्याने तरी गावहद्दीत गावाचे होऊन राहावे. ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, उंच केलेली ओलांडणी, दुभाजकात टेकायला जागा, एवढ्यासाठी भूसंपादन लागत नाही. प्रवास दोनचार मिनिटांनी लांबेल, तक्रारीही होतील. पण बदनापूर हा विधानसभेचा मतदारसंघ आहे, आणि त्या तक्रारदारांपैकी बहुतेकांची नावे येथील मतदार यादीत नाहीत.