विश्लेषण : स्कोप लावला की बसलेला हात का बिघडतो? ‘०.८१८९३३’ या आकड्यामागचे गणित काय?

‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्यांमध्ये एक आकडा वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे : ०.८१८९३३. सेटिंगमध्ये हा आकडा टाका, स्नायपर बंदुकीचा नेम बसेल, असे एक खेळाडू दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा काही न विचारता तो टाकतो. मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्यांकडेही असेच तक्ते असतात. रेड डॉटला इतके, ४एक्सला इतके, ८एक्सला इतके. हे आकडे येतात कुठून? ते सर्वांना लागू पडतात का? आणि एरवी छान चालणारा हात स्कोप लावताच परका का वाटतो? याचे उत्तर शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नेमके काय?

माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला ठरावीक ‘काउंट’ पाठवतो. ८०० डीपीआयचा माऊस इंचाला ८०० काउंट पाठवतो. प्रत्येक काउंटला खेळातली नजर किती अंश वळवायची, हे गेम ठरवतो. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये सेन्सिटिव्हिटी १ ठेवली तर एका काउंटला नजर ०.०२२ अंश वळते. ‘व्हॅलोरंट’मध्ये त्याच १ ला ती ०.०७ अंश वळते. म्हणजे माऊस तोच, आकडा तोच. पण ‘व्हॅलोरंट’मधली नजर सुमारे ३.१८ पट वेगाने फिरते. काट्यावर आकडा दिसतो, पण किलो की पौंड ते लिहिलेले नाही, असा हा प्रकार आहे.

खरे माप सेंटिमीटरमध्ये असते. ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असताना ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये पूर्ण गिरकी घ्यायला, म्हणजे ३६० अंश फिरायला, माऊस सुमारे ५२ सेंमी सरकवावा लागतो. हे अंतर ठाऊक असेल तर एका गेममधला हात दुसऱ्या गेममध्ये नेता येतो. अडचण सुरू होते ती स्कोपपाशी.

स्कोप लावल्यावर काय बदलते?

पडद्यावर एका वेळी किती अंशांचे दृश्य दिसते, त्याला ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ म्हणतात. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये जुन्या ४:३ आकाराच्या पडद्यावर मोजले तर साध्या नजरेला ९० अंश दिसतात. एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीचा पहिला झूम लावला की ४० अंश उरतात आणि दुसऱ्या झूमला फक्त १०. पडद्याची रुंदी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे पहिल्या झूममध्ये मधले चित्र सुमारे पावणेतीनपट मोठे होते, दुसऱ्यात ११ पटींहून अधिक. नजर पूर्वीच्याच वेगाने वळत राहिली, तर हाताच्या किंचित थरथरीनेही शत्रू पडद्याबाहेर जाईल. म्हणून स्कोप लावला की गेम वेग आपोआप कमी करतो. तो किती कमी करावा, हा सगळ्या वादाचा मुद्दा आहे.

मग ०.८१८९३३ आला कुठून?

गेमचे स्वतःचे उत्तर सरळ आहे. ९० चे ४० अंश झाले, तर वेगही ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४ पट करा. ‘झूम सेन्सिटिव्हिटी’ १ ठेवली की हेच होते. पण चित्र किती मोठे झाले हे अंशांच्या भागाकारावर ठरत नाही. ते निम्म्या कोनाच्या टॅन्जंटवर ठरते. २० अंशांचा टॅन्जंट ०.३६४ आणि ४५ अंशांचा १. म्हणजे पडद्याच्या मध्यावर चित्र पूर्वीइतक्याच वेगाने सरकायला हवे असेल, तर वेग ०.३६४ पट करावा लागेल. गेम तो ०.४४४ पट करतो, म्हणजे सुमारे २२ टक्के जास्त ठेवतो. ०.३६४ ला ०.४४४ ने भागा. उत्तर ०.८१९. त्या प्रसिद्ध आकड्याचे रहस्य इतकेच.

दोन उत्तरे कशी बरोबर असू शकतात?

फोनच्या ०.५एक्स कॅमेऱ्याने काढलेला लग्नातला ग्रुप फोटो आठवा. मध्ये उभे असलेले नवरा-नवरी नीट दिसतात आणि कडेचे काका अकारण रुंद होतात. भोवतालचे दृश्य सपाट पडद्यावर पसरताना कडा ताणल्या जातात. दृश्य जितके रुंद, तितका ताण जास्त. साध्या नजरेच्या ९० अंशांत हा ताण भरपूर असतो, स्कोपच्या ४० अंशांत कमी. त्यामुळे मध्यावर जुळवले तर कडेला फरक पडतो आणि कडेला जुळवले तर मध्यावर.

वरच्याच माऊसचे उदाहरण घेऊ. साध्या नजरेने मध्यापासून ४:३ पडद्याच्या कडेपर्यंत नेम न्यायला ४५ अंश वळावे लागते आणि माऊस सुमारे ६.५ सेंमी सरकतो. झूम सेन्सिटिव्हिटी १ असेल, तर स्कोपमध्येही कडेपर्यंत जायला बरोबर ६.५ सेंमीच लागतात. ०.८१९ ठेवली तर सुमारे ७.९ सेंमी लागतात. पण मध्याजवळची बारीक हालचाल साध्या नजरेसारखीच वाटते. म्हणजे १ हा आकडा कड जुळवतो आणि ०.८१९ मध्य जुळवतो. दोन्ही गणिते अचूक आहेत, त्यांनी जुळवलेला बिंदू वेगळा आहे.

‘बॅटलफील्ड १’ (२०१६) आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ (२०१९) यांनी हा बिंदू निवडण्याची सोयच खेळाडूला दिली. पहिल्यात तिचे नाव ‘युनिफॉर्म सोल्जर एमिंग’, दुसऱ्यात ‘मॉनिटर डिस्टन्स कोएफिशंट’. शून्य ठेवले की मध्य जुळतो. दोन्ही गेममध्ये आधीपासून भरलेली किंमत मात्र १.३३ पटीची, म्हणजे ४ भागिले ३ ची असते. आजच्या १६:९ पडद्यावर हा बिंदू मध्य आणि कड यांच्यातील अंतराच्या ७५ टक्क्यांवर येतो. चौकोनी मॉनिटर टेबलावरून गेले, तरी सेटिंगमध्ये ते अजून शिल्लक आहेत.

हा आकडा सर्व बंदुकांना चालतो का?

नाही. तो फक्त एडब्ल्यूपीच्या पहिल्या झूमचा आहे. त्याच बंदुकीच्या दुसऱ्या झूमला मध्य जुळवायचा तर ०.७८७ लागेल आणि ४५ अंशांच्या ऑग रायफलला ०.८२८. गेममध्ये मात्र या सर्वांना मिळून एकच पट्टी आहे. शिवाय दशांशानंतरच्या सहा आकड्यांचा मोह व्यर्थ आहे. ०.८१८९३३ ऐवजी ०.८२ ठेवले, तर आठ सेंटिमीटरच्या हालचालीत पडणारा फरक सुमारे ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे कागदाच्या जाडीइतका असतो.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी काय करावे?

‘बीजीएमआय’मध्ये प्रत्येक स्कोपला स्वतंत्र पट्टी आहे आणि फोन हलवून नेम धरणाऱ्यांसाठी जायरोस्कोपच्या पट्ट्या वेगळ्या. स्वातंत्र्य जास्त, पण जुळवण्याची जबाबदारीही खेळाडूवरच. दुसऱ्याचा तक्ता उतरवताना आपण त्याच्या पडद्याचा आकार, त्याची बोटे आणि फोन धरण्याची सवयही गृहीत धरतो. त्यापेक्षा सराव मैदानात दोन मिनिटांची चाचणी करा. भिंतीवरची एखादी खूण नेमाच्या किंचित बाजूला ठेवा. स्कोप न लावता बोट हळूच एक सेंटिमीटर सरकवा आणि खूण पडद्यावर किती सरकली ते पाहा. मग स्कोप लावून त्याच वेगाने तेवढेच बोट सरकवा. खूण तेवढीच सरकली तर मध्य जुळला. जास्त सरकली तर त्या स्कोपची पट्टी कमी करा. संगणकावर हीच चाचणी माऊसने होते. फक्त त्याआधी विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा किंवा गेममध्ये ‘रॉ इनपुट’ चालू ठेवा. नाहीतर माऊसच्या वेगानुसार अंतर बदलते आणि सगळे गणित कोसळते.

खरा प्रश्न कोणता?

ज्याला आपण हाताची सवय म्हणतो, ती मेंदूत घडते आणि तिला तोच अनुभव पुन्हा पुन्हा लागतो. प्रत्येक पराभवानंतर आकडा बदलणारा खेळाडू ही सवय रोज पुसून टाकतो. प्रस्तुत लेखकाने इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्ये एक पूर्ण सत्र असेच घालवले. नेम सुधारला नाही. आकड्यांची वही तेवढी भरली. हरल्याचे खापर आधी सेटिंगवर, मग माऊसवर फुटते आणि शेवटी घरच्यांकडे नव्या माऊसचा हट्ट जातो.

त्यात दोष एकट्या खेळाडूचा नाही. पडद्यावर एकक नसलेला आकडा दाखवायचा आणि तो काय जुळवतो हे सांगायचे नाही, ही गेम कंपन्यांची जुनी सवय आहे. ‘पूर्ण गिरकीसाठी इतके सेंटिमीटर’ आणि ‘स्कोप या बिंदूवर जुळतो’ एवढ्या दोन ओळी सेटिंगच्या पानावर दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. गणित गेमकडे तयार असतेच. त्या दोन ओळी येत नाहीत, तोवर खेळाडूने एवढेच ठरवावे : आपला शत्रू बहुतेक वेळा मध्याजवळ असतो की कडेकडून येतो? त्यानुसार एक बिंदू निवडावा, एकदा चाचणी करावी आणि निदान दोन-तीन आठवडे त्या पट्टीला हात लावू नये.