पायाची नाडी कोण पाहणार?

आयुर्वेदीय चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांत पायदुखीच्या रुग्णांचा भरणा मोठा असतो. संधिगत वात, गृध्रसी, वातरक्त, कदर अशी निदाने होतात; स्नेहन, स्वेदन, बस्ती, रक्तमोक्षण वा अग्निकर्म योजले जाते आणि अनेकांना उपशयही मिळतो. परंतु याच गर्दीत असेही काही रुग्ण असतात, ज्यांच्या वेदनेचे मूळ सांध्यात वा स्नायूत नसून पायाला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या अवरोधात असते. त्यांच्या पायावर कोणताही उपक्रम करण्यापूर्वी त्या पायाचे रक्ताभिसरण तपासले गेलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या व्याधीची वेदना ओळखू येण्याजोगी आहे. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत पेटका येतो, रुग्ण थांबतो आणि नुसते उभे राहूनही काही मिनिटांत वेदना शमते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तीच. कण्यातील मार्ग अरुंद झाल्याने होणाऱ्या वेदनेत मात्र उभे राहून भागत नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते. हा एवढा एक प्रश्न विचारला तरी निदानाची दिशा बदलू शकते. तथापि अनेक रुग्णांत हे लक्षण स्पष्ट नसते, आणि मधुमेहामुळे संवेदना मंदावलेल्या पायात वेदनेचा इशाराही मिळत नाही. म्हणून केवळ प्रश्नावर विसंबून चालणार नाही.

‘हे पाश्चात्त्य वैद्यकाचे काम आहे, आपले नव्हे’ असा आक्षेप आमच्या काही व्यवसायबंधूंकडून येतो. तो आम्हांस मान्य नाही. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपलीच आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्पर्शपरीक्षेच्या संदर्भात सदैव स्पंदन पावणाऱ्या स्थानांचे स्पंदन थांबणे आणि नित्य उष्ण अवयव शीत होणे ही चिन्हे अरिष्ट म्हणून गणली आहेत. मनगटाची नाडी तन्मयतेने पाहणाऱ्या वैद्याने पायाच्या धमनीला बोटही लावू नये, यास शास्त्राधार कोणता?

परीक्षा अवघड नाही. दोन्ही पावलांचा वर्ण, उष्णता, त्वचेची चकाकी, गळालेले केस व बोटांच्या बेचक्यांतील व्रण पाहावेत. नंतर पावलाच्या पाठीवरील आणि आतल्या घोट्याच्या मागील स्पंदन तपासावे. पाठीवरील स्पंदन काही निरोगी व्यक्तींतही हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही स्थाने पाहणे अगत्याचे आहे. शंका आल्यास घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर, म्हणजेच अँकल ब्रॅकियल इंडेक्स, काढावा. रुग्णाला पाच ते दहा मिनिटे उताणे निजवून दोन्ही दंडांचा व दोन्ही घोट्यांचा वरचा दाब हातातील छोट्या डॉप्लर यंत्राने मोजावयाचा. त्या पायाच्या घोट्याच्या दोन धमन्यांपैकी अधिक दाबाला दोन्ही दंडांतील अधिक दाबाने भागावयाचे. दंडाचा दाब १४० व घोट्याचा ९८ असेल, तर गुणोत्तर ०.७० येते. १.०० ते १.४० प्राकृत, ०.९१ ते ०.९९ सीमेवरचे आणि ०.९० वा त्याहून कमी म्हणजे अवरोध समजावा. १.४० च्या वर आकडा गेल्यास आनंद मानू नये. मधुमेह वा वृक्कविकारात धमन्या कठीण होऊन दबत नाहीत, म्हणून तो फसवा असतो. तेथे अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा लागतो.

आता मुख्य प्रश्न धोक्याचा. ज्या पायाला रक्तच अपुरे पोचते, त्या पायावर कडक स्वेदन केल्यास भाजण्याचा संभव. अग्निकर्म, कदराचे छेदन वा जलौकावचारण केल्यास लहानसा व्रणही न भरता कोथापर्यंत जाऊ शकतो. घट्ट पट्टबंधनही तेथे घातक. शिवाय असे रुग्ण बहुधा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असतात; जलौकेनंतरचा रक्तस्राव त्यामुळे लांबतो.

औषधालयचालकांचेही येथे कर्तव्य आहे. पोटरी दुखते म्हणून महिनोन्‌महिने गुग्गुळाच्या गोळ्या व तेल नेणाऱ्या ग्राहकाला तीन प्रश्न विचारावेत: चालल्यावर दुखून थांबल्यावर राहते काय? मधुमेह किंवा विडी-सिगारेट आहे काय? पायावर न भरणारी जखम आहे काय? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर बाटली देण्याआधी वैद्याकडे धाडावे. पाय अकस्मात थंड, पांढरा व बधिर होऊन तीव्र वेदना सुरू झाल्यास मात्र काही तासांचाच अवधी असतो. त्याला थेट रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे पोचवावे.

सरसकट सर्वांची तपासणी करा, असे आम्ही म्हणत नाही. लक्षणरहित व्यक्तींच्या अशा चाळणीसाठी पुरेसा पुरावा नसल्याचे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ साली नोंदविले आहे. आमचा आग्रह पायाची तक्रार असणाऱ्यांपुरता आणि ज्यांच्या पायावर आपण उपक्रम करणार आहोत त्यांच्यापुरता आहे.

निदान झाल्यावर आपले कार्य संपत नाही. या रुग्णांना हृदयविकार व पक्षाघाताचाही धोका अधिक असतो. धूम्रपान सोडविणे, पथ्याहार, मधुमेह व रक्तदाबाचे नियमन, चालू औषधे परस्पर बंद न करू देणे आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा नियमित व्यायाम करवून घेणे यांत वैद्याचा वाटा मोठा आहे.

धन्वंतरी जयंतीनिमित्त आपल्या शाखा शिबिरे भरवितात, तेथे रक्तशर्करा तपासली जाते. त्याच रांगेत मधुमेह्यांची पादत्राणे उतरवून दोन्ही पायांची नाडी पाहावी व ती रुग्णपत्रिकेत नोंदवावी. शाखेगणिक एक डॉप्लर यंत्र सामाईक निधीतून घेण्याचा ठराव आगामी सभेत यावा, अशी आमची विनंती आहे.