भाषेला धनी असतो काय?

सीमाभागातील माणसाला भाषेच्या मालकीचा प्रश्न सहसा पडत नाही. भालकीच्या किंवा आळंदच्या बाजारात मराठी, कानडी आणि दखनी शब्द एकाच व्यवहारात मिसळतात. कोणी कोणाची परवानगी मागत नाही. परंतु आपल्या घरांतील जी मुले बंगळूर, हैदराबाद वा पुण्यास जाऊन संगणकाच्या आज्ञावली लिहितात, त्यांच्या रोजच्या भाषेला धनी असू शकतो. पालकांनी हे समजून घेणे अगत्याचे आहे.

'जावा' ही अशीच एक संगणकभाषा. जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 'सन' या अमेरिकन कंपनीत घडविली. १९९५ साली ती जगापुढे आली. पुढे गूगलने अँड्रॉइडसाठी जावातील आज्ञांची नावे व मांडणी घेतली. आतील आज्ञावली बहुतांशी स्वतः लिहिली. सनने त्यावर खटला भरला नाही. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली, एप्रिलमध्ये गॉसलिंग बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलवर पेटंट व कॉपीराइट भंगाचा दावा लावला. भाषा तीच राहिली, धनी तेवढा बदलला!

पेटंटांचा दावा २०१२ साली ज्यूरीपुढे टिकला नाही. सुमारे साडेअकरा हजार ओळींच्या कॉपीराइटचा वाद मात्र २०२१ च्या एप्रिलपर्यंत चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर न्याय्य ठरविला. परंतु अशा नावांवर कॉपीराइट असतो की नाही, हा मूळ प्रश्न अनिर्णितच ठेवला. गूगलला दहा वर्षे वकील पोसणे परवडले. दोन खोल्यांत उद्योग मांडणाऱ्या तरुणाला ते कसे परवडावे?

आपल्याकडील कायदा केवळ आज्ञावलीला पेटंट देत नाही. २००४ अखेरच्या वटहुकुमाने ही तरतूद सैल केली होती. संसदेने २००५ मध्ये तो बदल स्वीकारला नाही. तथापि जो माल अमेरिकेत विकावयाचा, त्यास तेथील कायदा चुकत नाही.

मालकीची दुसरीही रीत आहे, आणि ती आपल्या दाराशीच आहे. जस्त-तांब्याच्या ओतकामावर चांदीची नक्षी बसवून बीदरच्या किल्ल्यातील मातीने ते काळे करण्याच्या कलेस भौगोलिक मानांकन लाभले आहे. ते कोणा एका पेढीसाठी नसून या भागातील कारागिरांसाठी आहे, आणि कायद्याने ते विकताही येत नाही. 'पायथन' या संगणकभाषेचे हक्कही २००१ पासून एक ना-नफा संस्था सांभाळते.

म्हणून मुलांना एवढे जरूर सांगावे : भाषा निवडताना तिचा धनी कोण, हे पाहा. नोकरीचा करार वाचून मगच सही करा. कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, उलट करार नसेल तर, नोकरीच्या कामात लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो. पहाणी पाहिल्यावाचून आपण गुंठाभर जमीन घेत नाही. मग आयुष्यभराची विद्या ज्या जमिनीत पेरावयाची, तिची पहाणी नको काय?