वजन भरले म्हणजे सुटलात काय?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर तीव्र कुपोषित मुले सापडतात. त्यांना ग्राम बाल विकास केंद्रात आणतात, भरवतात, औषधे देतात. काटा वर सरकला की नाव यादीतून उतरते आणि वरच्या कार्यालयात समाधानाचा अहवाल जातो. ज्या पोराचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला होता, ते पोर पंधराव्या वर्षी किती उंच झाले? त्याच्या मुठीत जोर किती आला? हाडे किती भरली, रक्तातली साखर काय सांगते? मुलगी असेल तर तिचे पहिले बाळंतपण कसे गेले? याची विचारपूस करणारा एक तरी कागद या दोन तालुक्यांत असेल तर तो सरकारने आमच्या तोंडावर फेकावा! सहावे वर्ष सरले की अंगणवाडीचे रजिस्टर मिटते, आणि त्या मुलाच्या भुकेचा इतिहासही त्याच रजिस्टरात गाडला जातो. हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, हा अपराध आहे.

उपासमार शरीरात काय मागे ठेवते हे कुणाला ठाऊक नाही, अशी सबब कुणी पुढे करू नये. अन्न समोर असताना मनाच्या आजारामुळे ते नाकारणाऱ्या मुलींच्या व्याधीला लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७३ साली ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. पुढे पाश्चात्त्य देशांतल्या संशोधकांनी या मुलींचे वजन परत आल्यावरही त्यांची पाठ सोडली नाही. त्यांच्या हाडांची घनता मोजली, पाळी परतली का ते पाहिले, हृदयाची गती आणि मेंदूचा आकार तपासला. वजन भरून आले तरी हाडांचे नुकसान पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही, हे त्यातूनच कळले. तो आजार खरा आहे, जीवघेणा आहे, आणि त्या मुलींना मिळालेली काळजी त्यांच्या हक्काचीच आहे. पण जिने अन्न नाकारले नाही, जिला ते मिळालेच नाही, त्या कातकऱ्याच्या लेकीची हाडे मोजायला कोण आले?

गरिबीचे रडगाणेही आम्ही ऐकून घेणार नाही. मलावीसारख्या कंगाल देशात तीव्र कुपोषणातून वाचलेल्या मुलांना सात वर्षांनी पुन्हा शोधून काढले. त्यांचे पाय आखूड राहिले होते, स्नायू कमी होते, मुठीची पकड कमजोर होती; २०१६ साली हे निष्कर्ष छापले गेले. बार्बाडोस हे बेट रायगड जिल्ह्यात पंधरा वेळा मावेल. तिथे आयुष्याच्या पहिल्या वर्षात कुपोषित राहिलेल्या मुलांचा माग चाळिशीपर्यंत काढला, आणि त्यांच्या चित्ताच्या एकाग्रतेवर झालेली जखम तेव्हाही भरलेली नव्हती. मलावीला जमले, बार्बाडोसला जमले, आणि मुंबईच्या लोकलचे टोक ज्या तालुक्यात येते तिथे जमत नाही?

आपल्याकडे विद्वान नाहीत असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे नुसती लहान नव्हती. त्यांचे स्नायू खुरटले होते आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात अन्न कमी पडले की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला काटछाट येते. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधी जेवढ्या घडल्या तेवढ्याच. पुढे आयुष्यभर एकही नवी तयार होत नाही. मुलीची बीजेही ती आईच्या पोटात असतानाच घडतात, म्हणजे आजीच्या उपासाची झळ नातवाच्या बीजापर्यंत जाऊन पोचते. खुरटलेल्या मुलीचे कटीर अरुंद राहते आणि तिच्या बाळंतपणात जीव टांगणीला लागतो. सहा वर्षांचे रजिस्टर यातले काय टिपणार?

आता मधुमेहाचे पाहा. कुपोषणातून उद्भवणारा मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली आपल्या वर्गवारीत घेतला आणि १९९९ साली काढून टाकला. गरिबाच्या रोगाला नावसुद्धा टिकू दिले नाही! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या संशोधकांसह २०२२ साली दाखवून दिले की हा रोग वेगळाच आहे: माणूस हडकुळा, इन्सुलिन फार कमी पाझरते. अखेर २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचव्या प्रकारचा मधुमेह म्हणून मान्यता दिली. हा रोग पहिल्या प्रकारचा समजून भरमसाट इन्सुलिन टोचले तर साखर एकदम कोसळून रोगी दगावू शकतो. उद्या असा हडकुळा तरुण कर्जतच्या किंवा खालापूरच्या सरकारी दवाखान्यात आला, तर समोरच्या डॉक्टरला त्याचे बालपण कोण सांगणार?

कातकरी ही केंद्र सरकारच्याच यादीतली विशेष असुरक्षित जमात. पण रायगडचा एकही तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून अनुसूचित क्षेत्राचे संरक्षण या वाड्यांपाशी येऊन थांबते. दिवाळी झाली की कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर पांगतात, पोर अंगणवाडीपासून तुटते, आणि पावसाच्या तोंडावर परतते तेव्हा पुन्हा काट्यावर चढते. जुलै २०२३ मध्ये याच खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मुख्यमंत्री स्वतः डोंगर चढून गेले, ते योग्यच झाले. पण दरड एका रात्रीत माणसे गाडते म्हणून ती दिसते. पिढ्यान्‌पिढ्या हाडांत, स्वादुपिंडात, गर्भाशयात उतरणाऱ्या भुकेसाठी कोणता मंत्री डोंगर चढला?

आमची मागणी स्पष्ट आहे. या दोन तालुक्यांत तीव्र कुपोषित म्हणून नोंदलेल्या प्रत्येक मुलाची जुनी रजिस्टरे बाहेर काढा. त्यांतली जी मुले आज वयात आली आहेत त्यांना त्यांच्या संमतीने, मानाने तपासा. हाडे, साखर, मूत्रपिंड, पकड, सगळे तपासा. आणि तपासून सोडून देऊ नका, उपचार द्या, त्यांचा अहवाल त्यांच्या हाती द्या. परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था इथून लोकलच्या अंतरावर आहे, आणि पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पैसा आदिवासी विकास विभागाने द्यावा. भट्ट्यांवर गेलेली माणसे येत्या पावसाळ्यापूर्वी परततील, वाड्या भरतील. पहिली नोंद त्याच वेळी झाली पाहिजे.