माहितीपट दाखवून काय होणार?

अन्नाच्या नासाडीवरचा माहितीपट सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवावा आणि मग तासभर चर्चा करावी, असे ठाण्यात किंवा डोंबिवलीत कोणी सुचवले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. सिनेमा बघून सवयी बदलत नाहीत. ज्यांना आधीच पटलेले असते तेच येतात आणि चहा पिऊन घरी जातात.

याचे उत्तर कल्याणातच आहे. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे धुमसत होता. कचऱ्याची धड व्यवस्था नाही म्हणून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांना मनाई केली, तरी तिथे कचरा पडतच राहिला. मे 2020 मध्ये महापालिकेने ओला-सुका वेगळा करण्याची मोहीम हाती घेतली आणि वर्षभराने आधारवाडीवर कचरा टाकणे थांबले. एकत्र कचरा उचलणार नाही, ही सक्ती होती हे खरे. पण दोन बादल्या भरल्या त्या घरातल्या हातांनीच. घराघरातली सवय बदलते, हे या शहराने दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त घातक वाटतो: नासाडी श्रीमंतांची, लग्नातल्या बुफेची, परदेशातली, आमच्याकडे पोळीचा तुकडा वाया जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल काय सांगतो? 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घरांतून. भारतीय घरांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो, अमेरिकेचा 73. यात साली-देठेही धरलेली आहेत, हे सांगायलाच हवे. तरी चौघांच्या घरात दिवसाला सुमारे 600 ग्रॅम होतात, आणि ती सगळी काही केळ्याची सालं नसतात.

आपल्याकडची नासाडी कशी होते, हे लोकलने ये-जा करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. संध्याकाळी स्टेशनबाहेर स्वस्त दिसली म्हणून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. घरी पोचेपर्यंत निवडायचे त्राण उरले नाही. खालच्या पोळी-भाजी केंद्रातून जेवण आले, मेथी फ्रीजमध्ये गेली आणि चौथ्या दिवशी पिवळी होऊन ओल्या कचऱ्यात. यात कोणी माजोरी नाही, बेफिकीरही नाही. थकवा आहे, आणि सगळा भार एकाच बाईवर आहे. म्हणून ‘अन्नाला नावे ठेवू नका’ असा उपदेश इथे चालत नाही; घरातली कामे वाटून घेण्याची गोष्ट काढावी लागते.

‘उरले तरी वाया कुठे जाते? वॉचमनला देतो, नाहीतर खत होते,’ असेही म्हणतात. दुपारी शिजवलेला, दिवसभर ओट्यावर राहिलेला भात रात्री गरिबाच्या हाती ठेवणे याला दान म्हणू नये. उरलेले अन्न वाटताना ते सुरक्षित राहावे, यासाठी 2019 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियमच आहेत. संस्थांनी ते पाळून अन्न पोचवावे आणि घरांनी ताजे असतानाच द्यावे. खताचेही तसेच. कचराभूमीत कुजून मिथेन होण्यापेक्षा खत केव्हाही बरे, पण नाशिक-जुन्नरहून कल्याणच्या बाजार समितीत आलेल्या भाजीमागचे पाणी, डिझेल आणि शेतकऱ्याची मेहनत खतातून परत येत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे: नुसता माहितीपट पुरत नाही. ‘जस्ट ईट इट’ या 2014 च्या कॅनेडियन माहितीपटात एक जोडपे सहा महिने टाकून दिलेल्या अन्नावर राहते. सुपरमार्केटमागचे भरलेले कचऱ्याचे डबे पाहून आपला प्रेक्षक हळहळतो आणि हे तिकडचे म्हणून सुटतो. त्याला सुटू न देणे हे चर्चेचे काम आहे. खेळाच्या आधी आठवडाभर सोसायटीतला ओला कचरा वजन करून ठेवावा. त्यात शिजलेले किती आणि न वापरलेले किती, ते फळ्यावर लिहावे आणि मगच पडदा लावावा. मग बोलणे भात किती टाकायचा, लग्नाच्या हॉलमध्ये केटररला किती ताटे सांगायची, यावर येते.

29 सप्टेंबर हा अन्ननासाडीविरोधी जनजागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्याआधीच्या रविवारी तुमच्या सोसायटीत असा खेळ ठेवा, आणि बाजारहाट व स्वयंपाक ज्यांनी आजवर केला नाही त्या पुरुषांना पहिल्या रांगेत बसवा.