‘वॉक’ म्हणजे केवळ चालणे नव्हे

स्कॉट्स ही इंग्रजीची बिघडलेली बोली आहे, हा समज किती पोकळ आहे हे दाखवायला तिचे एक क्रियापद पुरे आहे. ते म्हणजे ‘वॉक’, किंवा ‘वॉकन’. अर्थ: जागे होणे, जागे करणे.

पंधराव्या-सोळाव्या शतकांतील स्कॉटिश लेखनात हे क्रियापद पुष्कळदा इंग्रजी ‘चालणे’च्या अक्षरांनी, मधल्या ‘एल’सह, लिहिलेले आढळते. आजचा वाचक ते पाहतो आणि लेखनिकाला अडाणी ठरवून मोकळा होतो.

अडाणीपण लेखनिकाचे नाही. स्कॉट्समध्ये तोवर अशा ठिकाणचा ‘ल’ उच्चारातून गळाला होता. ‘बॉल’चा ‘बॉ’ झाला, ‘कॉल’चा ‘कॉ’. कागदावर मात्र ‘एल’ उरला आणि ‘ए-एल’ ही जोडी दीर्घ स्वराची खूण बनली. मग जेथे ‘ल’ मुळात नव्हताच, तेथेही ती खूण वापरली गेली. यात गोंधळ कसला? ही तर लेखनाची रीत. ‘नांव’, ‘कांहीं’ यांवर न उच्चारलेले अनुस्वार पिढ्यान्‌पिढ्या देणाऱ्या मराठी लेखकांना अशिक्षित म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही!

हे क्रियापद इंग्रजी ‘वेक’चे विद्रूप रूपही नव्हे. दोहोंचे मूळ जुन्या जर्मानिक भाषांत आहे. नॉर्समध्येही ‘वाका’ आहेच. भावंडाला कोणी भावंडाची विकृती म्हणत नाही.

हा न्यूनगंड शिकवला गेला, आणि तोही घरच्यांनीच. डेव्हिड ह्यूमने १७५२ साली टाळावयाच्या स्कॉटिश प्रयोगांची यादी छापली. १७८७ मध्ये जेम्स बीटीने त्यावर पुस्तकच काढले. या विद्वानांना लंडनमध्ये हसे होण्याची धास्ती होती. जॉन जेमिसनचा व्युत्पत्तिकोश १८०८ साली आला, तेव्हा कुठे या शब्दांना विद्वत्तेच्या दरबारात आसन मिळाले.

लोकांनी मात्र कोशाची वाट पाहिली नव्हती. २१ सप्टेंबर १७४५ च्या पहाटे प्रेस्टनपॅन्स येथे जॅकोबाइटांनी सर जॉन कोपच्या सैन्याची धूळधाण उडवली. त्यावरचे ‘जॉनी कोप’ हे गाणे अ‍ॅडम स्कर्व्हिंग या शेतकऱ्याच्या नावावर सांगितले जाते. जागा झालास का, असा सेनापतीला टोमणा मारणाऱ्या त्या गाण्याच्या ध्रुपदात हेच क्रियापद आहे. (टोमणा अन्यायाचाच, कोप त्या पहाटे झोपलेला नव्हता आणि १७४६ च्या चौकशीत निर्दोषही ठरला.)

पुढे त्याच गाण्याची चाल स्कॉटिश पलटणींत सैनिकांना पहाटे उठवण्यासाठी पाइपवर वाजू लागली.